दस्तीखालचा पगार

कंधारच्या जनावरांच्या बाजारात अण्णाराव तीस-पस्तीस वर्षं दलाली करतात. लाल कंधारी गोऱ्ह्याचं तोंडही न उघडता, नुसतं चालणं बघून वय सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. अधूनमधून चुकतातही, आणि चुकले की दोष गोऱ्ह्याला देतात. हल्लीची पोरं मोबाईलवर आकडा लिहून समोरच्याला दाखवतात. अण्णा मात्र अजून खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, काढून दोघांच्या हातांवर टाकतात आणि तिच्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. हजारात की लाखात, तेवढं आधी बोलून घ्यायचं. भाव चारचौघांत फुटत नाही, त्यामुळे घेणाऱ्याची लाज राहते आणि विकणाऱ्याचीही, असं त्यांचं म्हणणं.

मी इथल्या कॉलेजात इतिहास शिकवतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितके पैसे, आणि तेही येतील तेव्हा. लोक मला प्राध्यापक म्हणतात. मी कुणाला दुरुस्त करायला जात नाही.

अण्णांची धाकटी लेक तनुजा आमच्याच कॉलेजातली. किल्ल्यावर सहल नेली तेव्हा बाकीची पोरं फोटो काढत होती आणि ही मला खंदकात पाणी कुठून आणलं असेल ते विचारून हैराण करत होती. बारावीनंतर तिला पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला. कोर्सचं नाव लिबरल आर्ट्स. इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र, थोडं तत्त्वज्ञान. थोडक्यात आमचंच बीए, पण कडक इस्त्री केलेलं. फी भरायची तर बँकेचं दहा लाखांचं कर्ज काढावं लागणार आणि त्यावर सहकर्जदार म्हणून अण्णांची सही लागणार.

अण्णांच्या लातूरच्या मेव्हण्यानं फोनवरच निकाल देऊन टाकला. "डॉक्टरकीला कर्ज काढा, मी जामीन राहतो. बीएला कुणी कर्ज काढतंय का?" त्याचा पोरगा सुदर्शन तिसऱ्यांदा नीटची तयारी करत होता. क्लास, खोली, मेस, सगळा खर्च बापाचा. त्या खर्चाला मात्र घरात कुणी उधळपट्टी म्हणत नव्हतं. मला त्या मेव्हण्याचा फार राग यायचा. पण तो अगदीच खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती.

एकदा बाजार उठल्यावर अण्णा मला स्टँडजवळच्या हॉटेलात घेऊन गेले. भजी सांगितली आणि समोर बसून माझ्याकडे बघत राहिले.

"सर, बघितल्याबिगर मी कशाचा सौदा करीत न्हाई. बीए, एमए झालेलं मानूस कसं ऱ्हातंय, ते बघायचं हाय."

"मग बघा की."

"बघूनच तर राहिलो."

आणि खरंच त्यांनी माझ्या चपला बघितल्या, शर्टाची कॉलर बघितली, मला हसू आलं तेव्हा दातही बघून घेतले.

"आता खोड सांगा. खोड लपवून इकलेलं जनावर माघारी येतंय."

मी सगळं सांगितलं. जागा निघत नाहीत, निघाल्या तर एका जागेला शंभर जण धावतात. तिला सुरुवातीची काही वर्षं मिळेल ते काम करावं लागेल आणि हप्ता काही थांबणार नाही. पुढे बरं होईलही, नाहीही. मी हमी देऊ शकत नाही, असंही सांगून टाकलं.

"आन् पगार?"

शेजारच्या टेबलावर माझेच दोन जुने विद्यार्थी बसले होते. दोघंही माझ्यापेक्षा जास्त कमावणारे. माझी जीभ रेटेना. अण्णांनी ते ओळखलं. त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली, टेबलावरच्या आमच्या हातांवर टाकली आणि खालून माझा हात धरला.

"हजारात सांगा. तोंडानं नगं."

मी बोटं दाबली. आकडा तुम्हालाही सांगणार नाही. दस्तीखालचा भाव बाहेर सांगत नसतात. सांगायला फार वेळ लागला नाही, एवढं मात्र कबूल करतो. अण्णांना वाटलं, माझी बोटं चुकली. त्यांनी पुन्हा दाबून विचारलं. मी पुन्हा तेवढंच सांगितलं. मग त्यांनी हात सोडलाच नाही बराच वेळ. त्या खरखरीत हातात मला इतकं बरं वाटलं की भरून आलं.

"एवढ्यावर तुमी वर्गात हसत कसे ऱ्हाता? तनुजा सांगती, सर लई हसवतेत."

"वर्गात शिरलो की विसरतो, अण्णा. बाहेर आलो की आठवतं."

 भज्याचे पैसे अण्णांनी मला देऊ दिले नाहीत.

चार-पाच दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. बँकेचे कागद बाजेवर पडले होते, सहीची जागा कोरी. तनुजाची आई कावेरीबाई चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या होत्या. तनुजा भिंतीला टेकून उभी, तोंड उतरलेलं.

"सौदा बाप-लेकीचा हाय," अण्णा म्हणाले. "बापानं त्यात दलाली करू ने. तुमी मधी बसा." त्यांनी दस्ती माझ्या हातात दिली आणि लेकीकडे वळले. "कालेज काय सांगतंय ते मला सांगू नगं. हप्ता जाऊन महिन्याला कमीत कमी किती हातात उरलं तरी तू 'उगंच गेले' म्हननार न्हाईस, ते सरांच्या हातात सांग. माझ्या भ्यानं वाढवू नगं, हट्टानं कमी करू नगं."

"आणि जास्त मिळाले तर, अण्णा?"

"जास्तीला कोन न्हाई म्हनतंय?"

मी दस्ती टाकली. तनुजानं डोळे मिटले, ओठ हलवत काहीतरी हिशेब केला आणि बोटं दाबली.

माझाच आकडा. अण्णांनी तिला सांगितला असेल, असं क्षणभर वाटलं. पण तो माणूस जीव गेला तरी दस्तीखालचा भाव बोलणार नाही, हे सगळा बाजार जाणतो. मी पुन्हा दाबून विचारलं. तिनं पुन्हा तेवढंच सांगितलं, आणि या वेळी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मला तिचा अभिमान वाटला आणि काळजीही.

मग मी अण्णांचा हात धरला. एक बोट जास्त दाबून त्यांचा घोर कमी करावा, असं फार मनात आलं. पण दलालाला ते शोभत नाही. मी होता तोच आकडा सांगितला.

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"किती म्हणती?" कावेरीबाईंनी दारातून विचारलं.

अण्णांनी दस्ती उचलली, झटकली आणि खांद्यावर टाकली.

"ह्या भावाचा मानूस म्या बघितलाय," ते म्हणाले. "चाल चांगली हाय." आणि त्यांनी तनुजाकडे पेन मागितला.