खड्डा सांगायचा असतो

बुधाजी वानखडे यांनी तीस वर्षं टपालाची सायकल चालवली, आणि तीही एकट्याने. वलगावच्या आसपासच्या पाच-सहा गावांत ग्रामीण डाकसेवक म्हणून त्यांनी मनिऑर्डरी, लग्नपत्रिका आणि नोकरीचे कागद घरोघरी पोचवले. रस्त्यातला एकूण एक खड्डा त्यांना पाठ होता. पण त्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे उन्हाळ्यात हापशीतून पाणी काढणं. माणूस वाईट नव्हता, घुमा होता.

त्यांच्या पत्नी दुर्गाबाई गेल्या वर्षी गेल्या. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. अडीच वर्षं आठवड्यातून दोनदा अमरावतीला डायलिसिस. येताना त्या इतक्या गळून जायच्या की फाट्यावर एसटीतून उतरल्या की बुधाजी त्यांना कॅरिअरवर बसवून, सायकल हाताने ढकलत घरी आणायचे. खेड्यांतल्या अशा पेशंटांची ने-आण करायला एक गाडी घ्यायची आहे, त्यासाठी अमरावतीचे काही सायकलवाले लोकांकडून मदत गोळा करत अकोल्याला जाऊन परत येणार आहेत, हे कानावर आलं तेव्हा बुधाजी कोणाला न विचारता त्यांच्या सरावाला जाऊन उभे राहिले. एकसष्टाव्या वर्षी, टपालाची काळी सायकल घेऊन.

त्यांचा कप्तान इमाद शाळेत पीटी शिकवायचा. त्याने सायकल पाहिली, माणूस पाहिला, आणि आपली जुनी गिअरची सायकल त्यांना चालवायला दिली. एवढ्या लांब जमेल का, असं त्याने विचारलं. बुधाजी म्हणाले, जमते. दुर्गाबाईंचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही.

टीमची एक रीत होती. सगळ्यांनी एका ओळीत, पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर चालायचं. वारा पुढचा खातो, मागच्यांचा दम वाचतो. पण मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठच दिसते. म्हणून पुढच्याने खड्डा दिसला की हाताने दाखवायचा आणि मोठ्याने सांगायचा. इमादने हे पहिल्याच दिवशी समजावलं, आणि बुधाजींनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

पाच रविवार ते ओळीत शेवटी होते, त्यामुळे काही बिघडलं नाही. सहाव्या रविवारी आसेगावच्या रस्त्याला त्यांची पुढे राहायची पाळी आली. डांबर उखडलेला खड्डा त्यांना लांबूनच दिसला. तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी हँडल जरासं वळवलं आणि अलगद बाजूने निघून गेले. तोंडातून हूं की चूं नाही. मागे नीलम होती, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी मुलगी. तिचं चाक थेट खड्ड्यात गेलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि तीन आठवड्यांवर आलेली फेरी तिच्यापुरती संपली.

दुसऱ्या दिवशी बुधाजी संत्र्यांची पिशवी घेऊन तिच्या घरी गेले. नीलमने पिशवीकडे पाहिलंही नाही.

"काका, तुमाले खड्डा दिसला होता न?"

"दिसला होता."

"मंग बोल्ले काहून नाई?"

बुधाजी उठले, बाहेर आले आणि घराकडे निघाले. पण तो प्रश्न काही त्यांना सोडेना. दुर्गाबाईंच्या पायांवरची सूज त्यांना डायलिसिसच्या किती आधी दिसली होती! वर्षभर आधी. त्यांनी काय केलं? विहिरीवरून पाणी स्वतः आणायला लागले. बाजारातून मोठ्या मापाची चप्पल आणली. जिना चढायला नको म्हणून माळ्यावरचं धान्य खाली उतरवलं. सगळं केलं, पण "तुहे पाय सुजून राहिले, चाल दवाखान्यात" एवढं बोलले नाहीत. त्यांना ती माया वाटायची. माया होतीच, पण त्या मायेने ते खड्डा चुकवत राहिले आणि मागून येणारी बाई त्यात पडली. रस्त्याच्या कडेला सायकल उभी करून बुधाजी रडले.

पुढच्या रविवारी ते इमादची सायकल परत करायला गेले, आणि सगळं सांगून टाकलं. आयुष्यात एका दमात एवढं ते कधी बोलले नसतील. इमादने ऐकलं, पण सायकल घेतली नाही. नीलमचा फोन आला होता म्हणाला. तिचा राग गेला नव्हता, पण तिचं म्हणणं होतं की काकांना पुढेच ठेवा, मागे राहून ते कधीच शिकायचे नाहीत.

फेरीच्या दिवशी बडनेऱ्यापासून बुधाजी पुढे होते. खड्डा, गिट्टी, डावीकडून ट्रॅक्टर, म्हैस, जे दिसेल ते ओरडून सांगत होते. इमाद म्हणायचा, आता दुसऱ्याला पुढे येऊ द्या. ते ऐकायचे नाहीत. मूर्तिजापूर येईपर्यंत घसा बसला. बोरगाव मंजूला नुसती फुसफुस उरली होती, तरी हात खाली जायचा आणि ओठ हलायचे.

अकोल्यात इमादच्या खालांकडे, म्हणजे मावशी गुलनारबींकडे, सगळ्यांचं जेवण होतं. साठीची हसरी बाई, एकेकाला आग्रह करून वाढत होती. बुधाजींचा घास हातातच थांबला. तिच्या पायांवर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ होता आणि वळाच्या दोन्ही बाजूंना मांस फुगलेलं होतं. परक्या घरातल्या बाईच्या पायांबद्दल चारचौघांत बोलायचं म्हणजे काय, हे बुधाजींना कळत होतं. पान वाढणाऱ्या बाईला कोणी असं बोलतं का? त्यांनी खाली पाहिलं. मग पुन्हा वर पाहिलं.

"बाई," ते बसलेल्या आवाजात म्हणाले, "तुमचे पाय सुजले हायेत."

सगळे जेवायचे थांबले. गुलनारबींनी ओढणी सावरत पाय मागे घेतले. वयाचं आहे भाऊ, दिवसभर उभं राहून होतं, म्हणत त्या हसल्या.

"माही दुर्गाबाई बी असंच म्हणे," बुधाजी म्हणाले. "अन् म्या आयकून घेतलं."

इमादने ताट बाजूला सरकवलं. तो खालांजवळ गेला, त्यांच्या हातातली पोळ्यांची परडी काढून घेतली आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. मग खाली बसून त्याने अंगठ्याने त्यांच्या घोट्याजवळ दाबलं. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. गुलनारबींचं हसू मावळलं. आतापर्यंत कोणी विचारलंच नव्हतं, असं त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा पायही पुढे केला.