आमच्या साडूंची लाकडी इमारत

आयुष्यात मला जितक्या वेळा मान खाली घालावी लागली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा माझ्या शेजारी आमचे साडू उभे होते. माझ्या मेहुणीचे हे यजमान इमारतींचे इंजिनियर. जन्मभर त्यांनी सिमेंट ओतलं आणि निवृत्त होताच सिमेंटशी अबोला धरला. हैदराबादेत दहा-बारा मजल्यांची इमारत सबंध लाकडाची उभी राहावी, एवढाच ध्यास. "झाड जन्मभर हवेतला धूर गिळतं," ते सांगत. "त्याचं घर बांधलं की तो धूर भिंतीत कोंडलेला राहतो. जाळलं की सगळा बाहेर!" हे ते घरात बोलले असते तर माझी तक्रार नव्हती. पण ते अफझलगंजच्या बसथांब्यावर अनोळखी माणसांना थांबवून सांगत, आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवत, "विचारा या प्रोफेसरांना!" मी इतिहास शिकवत होतो.

एका मुंजीत त्यांनी टेबलांमधून फिरून पाहुण्यांनी चाटून टाकलेले आइस्क्रीमचे लाकडी चमचे गोळा केले. मुलाची आई माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागली की मी हातातली वाटी तशीच ठेवली. ते चमचे धुऊन, एक थर उभा, एक आडवा असे चिकटवून त्यांनी जाड पाट केला आणि आमच्या दिवाणखान्यात दोन विटांवर ठेवून मेहुणीला त्यावर चढवलं.

"मोडला? नाही! अशीच भिंत होते, असाच स्लॅब होतो."

"अहो, सगळं खरं, पण मी उतरू का आता?" मेहुणी म्हणाली.

बिल्डर त्यांना चहा पाजून वाटेला लावत. गौलीगुड्याचा लाकूडवाला तेवढा भांडायचा. "साब, लोगां लकडी का घर तोडको सिमेंट में आ रैं, आप उल्टा जा रैं! हौले हैं क्या आप?" वेडा ठरवलं तरी साडू खूश. "निदान हा भांडतो तरी."

मग हिमायतनगरची आमची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. ही शेवटची संधी, हे त्यांना आणि मलाही कळत होतं. सोसायटीची सभा गच्चीवर होती. साडूंनी रिक्षातून जाडजूड तुळई आणली आणि सर्वांसमोर तिला गॅसच्या ज्योतीनं पेटवलं. "घाबरू नका! वरचा कोळसाच आतलं लाकूड राखतो." तुळईला खरंच काही झालं नाही. शेजारची प्लास्टिकची खुर्ची मात्र वितळून बसली. अध्यक्ष रेड्डीगारू शांतपणे म्हणाले, "लकडी पास, सार. कुर्सी फेल." सगळी गच्ची हसली. लाकडाच्या बाजूनं एकच हात वर झाला, माझा, तोही कोपरापर्यंत.

गेल्या वर्षी ते आजारी पडले. दवाखान्यात म्हणाले, "प्रोफेसर, इमारत बांधायची राहिली. पण माझ्यापायी लाकूड जाळू देऊ नका. मला विजेच्या दाहिनीत न्या."

ते गेले तेव्हा नांदेडहून त्यांचे थोरले बंधू आले. आम्ही स्मशानात पोचेपर्यंत त्यांनी सरणाची लाकडं उतरवून घेतली होती. मी पुढे होऊन साडूंची इच्छा सांगितली. ती कुणाच्या कानी गेली नाही. पुन्हा सांगितली.

"आमच्या घरात असं कधी झालं नाही," बंधू म्हणाले. "तुम्ही कोण सांगणारे?"

"साडू."

कुणीतरी खाकरलं. स्मशानात साडूला काय अधिकार? पायांखालची जागा सोडून निघून जावं असं वाटलं. मी हात जोडून तिथंच उभा राहिलो. तेवढ्यात मागून मेहुणी म्हणाली, "दादा, भाऊजी सांगतात तसंच करा. यांचं एवढं तरी होऊ द्या."

विजेच्या दाहिनीचं दार बंद झालं. परतताना माझ्याशी कुणी बोललं नाही. बंधूंना फोन करायला मला अजून संकोच वाटतो, त्यांच्या नातेवाइकांच्या कार्यांना जायचं मी टाळतो. अर्ध्या तासाची ती लाज मला वर्षभर पुरली आहे. आमचे साडू एवढीच लाज रोज एकेका दारात सोसत होते, आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन हसत हसत विचारत होते, "उद्या कुणाकडे जाऊ या, प्रोफेसर?"