उंबऱ्यावर अडलेलं पाणी

इंग्रजाचं राज्य होतं तेव्हा धुळ्याच्या एका जिनात मी दहा हंगाम काम केलं, हे आजही ताठ मानेनं सांगते. जीन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करण्याचा कारखाना. यंत्रं ओळीनं मांडलेली, प्रत्येक यंत्रापुढे एक बाई, आणि दिवसभर हातानं रुळांना कापूस भरवायचा. आमचा हात असा बसला होता की रुईत सरकीचा तुकडा निघाला तर आम्हालाच शरम वाटायची. नवरा दम्यानं घरी बसलेला. घर माझ्या एकटीच्या हातावर चालायचं.

चौथ्या हंगामात नवे मॅनेजर आले. माणूस हुशार, खोटं कशाला बोलू? पण तोंड उघडलं की हुकूम. काम चालू असताना बोलायचं नाही, विचारल्याशिवाय जागा सोडायची नाही आणि पाणी उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. पाण्याचा नियम अगदीच वेडा नव्हता, पाणी मारून कापसाचं वजन वाढवणारे लबाड तेव्हाही होते. पण तापानं फणफणलेल्या एका बाईनं आत तांब्याभर पाणी नेलं, तर तिला त्यांनी कायमचं घरी पाठवलं. चुगली केली मुकादमानं. त्याला तोंडावर आम्ही नाना म्हणायचो, पाठीमागे काय म्हणायचो ते राहू द्या.

दोन हंगामांत आमची पार मेंढरं झाली! यंत्र खडखडलं तरी कुणी सांगेना, कारण शिव्या आधी सांगणारीलाच. शेजारणीचं चुकलं की आपणच पुढे होऊन सांगायचं, म्हणजे आपली सुटका. मीही सांगितलंय. लाज वाटते, पण सांगितलंय.

मग एका दुपारी कापसातून खडा आला. रुळाखाली ठिणगी उडाली आणि मागच्या ढिगातून धूर निघाला. नाना ओरडला, इंजिन थांबलं. वाळूच्या बादल्या होत्या, त्या रिकाम्या केल्या, पण विस्तव ढिगात खोल शिरला होता. नाना बारदान घेऊन झोडपत सुटला. बायका फाटकाजवळच्या रांजणाकडे धावल्या, घागरी भरून धावत आल्या आणि उंबऱ्यावर येऊन थबकल्या.

हो, थबकल्या! आत आग, हातात पाणी, आणि पाय पुढे पडेना. एक म्हणते, "साहेबले इचारा वं!" साहेब बंगल्यावर जेवत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं भवान्यांनो, जळून मरा मग विचारत!" असं म्हणत मी पुढचीच्या हातातली घागर ओढली आणि ढिगावर उपडी केली. नोकरी गेली हे त्याच क्षणी कळलं होतं मला. मग दुसरीनं घागर दिली, तिसरी स्वतः आत आली आणि घटकाभरात आग विझली.

मॅनेजर आले तेव्हा जमिनीवर चिखल होता. कुणाला भाजलं का, हे त्यांनी विचारलं नाही. "पाणी आत कुणी आणलं?" एवढंच विचारलं, आणि नेहमीप्रमाणे नानाकडे बघितलं. नानाच्या दोन्ही हातांना फोड आले होते. तो माझ्या शेजारीच उभा होता.

"माले दिखनं नही, साहेब," तो म्हणाला. "धूर व्हता."

वं माय! नानाच्या तोंडून हे! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण माझ्यापायी त्याची नोकरी का जावी? मी म्हटलं, "मी आणलं."

"कुणाला विचारून?"

"आगीला विचारलं होतं साहेब. ती थांबायला तयार नव्हती."

"चालती हो," ते म्हणाले.

मी फाटकाकडे निघाले. तोंड वर होतं. पण उद्या नवऱ्याचं औषध कुठून आणायचं, हेच डोक्यात होतं. मागे इंजिन पुन्हा सुरू झालं आणि माझे कान टवकारले. भरले रूळ घुमतात, रिकामे नुसते खडखडतात. आमचे सगळेच खडखडत होते.

वळून बघितलं. प्रत्येक बाई आपल्या जागेवर, हात मांडीवर. कुणी बोललं नव्हतं, कुणी जागा सोडली नव्हती. साहेबांचा एकही नियम मोडला नव्हता! आणि मधल्या वाटेवर नाना खाली मान घालून उभा होता, भरा म्हणून एकीलाही सांगत नव्हता.

मॅनेजर ओरडले, पाय आपटले. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. ऐन हंगामात इतक्या सरावाच्या बायका आणणार कुठून? शेवटी ते स्वतः चालत फाटकापर्यंत आले.

"बाई," ते म्हणाले, "आत चला."

मी जाऊन जागेवर बसले. शेजारणीनं कापूस हातात घेतला, एकवार साहेबांकडे बघितलं आणि सगळ्या जिनाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "कोठे गई व्हती वं इतला येळ?"