वाढत्या मापाचा फ्रॉक

येरवड्यात नागपूर चाळीच्या मागे ज्या इमारती आहेत, त्यांतल्या एकीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एप्रिलच्या अखेरीस एक पांढरा, लहान मुलीचा फ्रॉक वाळत घातलेला दिसू लागला. शेजारच्या इंदुबाईंनी कठड्यावरून वाकून विचारलं, "काहो साळवेसाहेब, नात आली वाटते?"

"नात नाही. फ्रॉक आला," हिंमतराव साळवे म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी तोच फ्रॉक पुन्हा दोरीवर. तिसऱ्या दिवशीही तोच. फ्रॉक मळला कसा आणि मळवला कुणी, हे कळायला मार्ग नव्हता. इंदुबाई अमरावतीकडच्या. त्यांच्या गावी एवढ्या भांडवलावर शेजारणी अख्खी दुपार काढतात. पण मुलाच्या नोकरीपायी त्यांनी पुण्यात बरीच वर्षं काढली होती, आणि इथे प्रश्न एकदाच विचारायचा असतो, हे त्या शिकल्या होत्या.

हिंमतराव वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सबंध नोकरी त्यांनी दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात घालवली. लोणी काळभोरपासून पेठांपर्यंतचे दुकानदार त्यांना ओळखत, म्हणजे ते दिसले की वजनं लपवत. कुणाच्या चहाला ते शिवले नाहीत. याचा परिणाम असा झाला, की निवृत्त झाल्यावर त्यांना चहाला बोलावणारं कुणी उरलं नाही. लाच खाणाऱ्याला निदान देणारे तरी लक्षात ठेवतात.

तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको, कौशल्याबाई, गेली. मुलगा अभय मेलबर्नला. त्याची मुलगी आम्रपाली, वय सव्वादोन. तिकडे तिची 'एमी' झाली होती. पूर्ण नाव घेणारे जगात हिंमतराव एकटेच होते, तेही रविवारी, मोबाईलवर.

आता ती बुद्धपौर्णिमेला यायची होती. आणि हिंमतरावांना धाकधूक होती ती एकाच गोष्टीची: ती आपल्याजवळ येईल का?

गेल्या खेपेला आली नव्हती. तेव्हा ती वर्षाची होती. हिंमतरावांनी तिच्यासाठी जाळीचा, सोनेरी टिकल्यांचा फ्रॉक आणला होता. दुकानातल्या बाहुलीला तो फार शोभत होता. बाहुलीची तक्रार नव्हती. आम्रपालीनं मात्र तो अंगात जाताच जो टाहो फोडला, तो विहारातली वंदना संपेपर्यंत. गळ्यावर, काखेत लाल चट्टे उठले. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत ती आजोबांच्या हातातून धनुष्यासारखी मागे वाकलेली आहे. पुढे रविवारच्या फोनवर आजोबा दिसले की ती मान खाजवायची. एवढ्या लहान मुलांना काही आठवत नाही, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांची नात नव्हती ती.

कौशल्याबाई असत्या तर हे झालं नसतं. कपडे पारखायची त्यांची एक पद्धत होती. दुकानात कपडा उलटा करायचा, शिवणीची बाजू वर घ्यायची आणि नवऱ्याच्या मानेवर घासायची. हिंमतरावांच्या मानेला दर उन्हाळ्यात घामोळं यायचं, त्यामुळे ती मान म्हणजे या कामाचं प्रमाणित उपकरण होतं. "मान हलवू नका," त्या म्हणत. भर तुळशीबागेत, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, सरकारी अधिकारी नाकासमोर बघत उभा असे आणि मागून अभयची झबली, चड्ड्या, टोपडी फिरत. मान आक्रसली की कपडा परत. नाही आक्रसली तर, "हे द्या. पण एक माप मोठं."

एक माप मोठं, हाही त्यांचाच नियम. साळव्यांच्या घरात कुणी आपल्या मापाचा कपडा घातलाच नाही. सगळं वाढत्या मापाचं. ज्या दिवशी माप बरोबर यायचं, त्या दिवशी कोपर बाहेर यायचं.

तर या खेपेला हिंमतराव एकटे तुळशीबागेत गेले. दुकान जुनंच, गादीवर दिगंबरशेठ.

"मूल कुठाय?" शेठनी विचारलं.

"मेलबर्नला."

"मग तिथेच का नाही घेत?"

"तिथे आता थंडी पडेल. घालायचा इथे आहे, मे महिन्यात."

"वय?"

"सव्वादोन."

"अंगानं कशी आहे?"

मोबाईलवर नात तळहाताएवढी दिसायची. ते माप शेठना सांगण्यात अर्थ नव्हता.

शेठनी ढीग मांडला. हिंमतरावांनी लेस, टिकल्या, मागची चेन असलेलं सगळं बाजूला सारलं. राहिला एक साधा मलमलचा, सैल बाह्यांचा, पुढे बांधायचे बंद असलेला पांढरा फ्रॉक. त्यांनी तो उलटा केला, कॉलर मागे ओढली आणि मानेवर घासला.

शेठ थोडा वेळ बघत राहिले. "आजोबा, नातीसाठीच घेताय ना?"

"हो. तपासतोय."

"मागे ट्रायल रूम आहे," शेठ म्हणाले. "पण उपयोग होईलसं वाटत नाही."

"तीन-चार वर्षांचा द्या," हिंमतराव म्हणाले. ज्यानं तोळाभर कमी वजनासाठी लोकांवर खटले भरले, त्यानं हे उघड चुकीचं माप डोळे मिटून मागितलं.

घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तपासणी झालेलीच नाही. फ्रॉक मानेवर घासला होता खरा, पण टोचला की नाही ते कळलं नव्हतं. त्यांनी पुन्हा घासून पाहिला. मान काहीच सांगेना. आपल्याच हातानं आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, तसंच हे. हात आपला, मानही आपली. दोघं संगनमतानं गप्प. त्या उपकरणाला मागून दुसरं माणूस लागत होतं, हे इतक्या वर्षांत त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

इंदुबाईंना विचारावं, असं क्षणभर मनात आलं. पण एका विधुरानं शेजारच्या विधवेला 'जरा माझ्या मानेवर फ्रॉक घासता का?' म्हणून विचारणं येरवड्यातसुद्धा अवघड आहे. मग त्यांनी गळ्याजवळचं लेबल ब्लेडनं उसवून काढलं आणि खात्री पटत नाही म्हणून फ्रॉक धुतला. दुसऱ्या दिवशीही खात्री पटली नाही. अशा रीतीनं तो रोज दोरीवर येऊ लागला.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी टॅक्सी आली. एकंदर सुट्टी आठवड्याची. त्यातला दीड दिवस येरवड्याचा, बाकीची वाकडला निकिताच्या माहेरी. वाकडला एसी होता. निकिता म्हणजे सून. आम्रपाली विमानातल्याच जाड, घट्ट कपड्यांत होती आणि घामानं पिरपिरत होती.

"एमी, आजोबांना हाय कर," अभय म्हणाला.

"नो."

"बरं," हिंमतराव म्हणाले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. फ्रॉक त्यांनी नातीला दिला नाही, सुनेला दिला.

"सो सॉफ्ट, बाबा!" निकितानं तो लगेच मुलीला चढवला. फ्रॉक घोट्यांच्या खाली लोळला. बाह्यांमध्ये हात नाहीसे झाले.

अभय हसायला लागला. "बाबा, वाढत्या मापाचा? अगदी आईसारखं केलंत." मग तो हसायचा थांबला.

पण पिरपिर बंद झाली होती. आम्रपाली फरशीवर बसली. फ्रॉक तिच्याभोवती तंबूसारखा पसरला. तिनं त्याचा झोळ उचलून तोंडाला लावला, सोडला, परत उचलला.

"टोचत नाही ना गं बाळा?" निकितानं विचारलं.

"नाही टोचणार," हिंमतराव म्हणाले. खुर्चीतून वाकून त्यांनी फ्रॉकचं टोक हळूच उचललं आणि आपल्या मानेला लावून दाखवलं. "हे बघ. नाही टोचत."

आम्रपालीनं बघितलं. मग ती उठली. फ्रॉक पायात आल्यामुळे पडली, पुन्हा उठली आणि आधाराला जे सापडलं ते धरलं. तो आजोबांचा गुडघा होता. हिंमतरावांनी हात पुढे केला नाही. गेल्या वेळचे फोटो त्यांना पाठ होते. मान उंचावर होती, त्यामुळे तिला चढावं लागलं. बराच वेळ धडपडून ती त्यांच्या मांडीवर उभी राहिली, मुठीत फ्रॉकचा बोळा घेतला आणि त्यांच्या मानेवर खसाखसा घासला.

"टोच्तं?" तिनं विचारलं.

हिंमतराव नाकासमोर बघत होते.

"टोच्तं?" आता दुसऱ्या बाजूनं.

"नाही," ते म्हणाले. "अजिबात नाही."

"बाबा, इकडे बघा ना," अभय मोबाईल धरून म्हणत होता. हिंमतरावांनी मान हलवली नाही. त्या फोटोत ते ओळखपत्रासाठी बसल्यासारखे दिसतात.

दुसऱ्या दिवशी फ्रॉकला खाली पिना लावून मंडळी विहारात गेली. आम्रपालीनं वंदनेत दोनदा जांभई दिली आणि एकदाही मान खाजवली नाही. संध्याकाळी वाकडची टॅक्सी आली. निकितानं फ्रॉकवरचा आंब्याचा डाग दाखवला आणि फ्रॉक खुर्चीवर ठेवला. "बाबा, हा इथेच राहू दे. नेक्स्ट इयर बरोब्बर होईल." अभय पिशव्या मोजत होता. त्यानं त्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

पुढच्या आठवड्यात विमान गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिंमतरावांनी फ्रॉक पुन्हा धुऊन दोरीवर घातला. डाग गेला नव्हता.

"काहो साहेब, गेली नात?" इंदुबाई म्हणाल्या.

"नात गेली. फ्रॉक राहिला." या वेळी हिंमतराव लगेच आत गेले नाहीत. कुणी विचारलं नसताना म्हणाले, "वाढत्या मापाचा आहे. पुढच्या वर्षी होईल."

"हो का? पण लेकरं लवकर वाढतात जी," इंदुबाई म्हणाल्या. "आणि तिकडून येणं काही दरसाल होत नाही."

हिंमतरावांनी फ्रॉकच्या खांद्याला चिमटा लावला. मग तो काढून, शिवण बाहेर येईल असा फ्रॉक उलटा केला आणि पुन्हा लावला.

"खरंय," ते म्हणाले. "पाच-सहाचाच घ्यायला हवा होता."