अमेरातला बिल्डिंग घेतली तेव्हा

नळ दुरुस्त करायला लोकांच्या घरात शिरलं, की किस्से एम-सीलसारखे हाताला चिकटतात. घासून धुतले तरी थोडे राहतातच. मस्कतमध्ये मी तीस वर्षं प्लंबिंग केलं, म्हणजे किती साठले असतील बघा! पण मी बोलतो सावकाश. माझा किस्सा रंगायच्या आत ऑफिसातला चहा संपायचा आणि सगळे उठायचे. म्हणून आता लिहितोय.

आमचं ऑफिस वादी कबीरला. माणसं चार. मालक, म्हणजे आमचा अर्बाब. ओमानी, पण हिंदी माझ्यापेक्षा चांगली. हिशेबाला पुण्याचे देशपांडे साहेब. भाडेकरू आणायला केरळचा बशीर. आणि नळ, टाक्या, गटारं बघायला मी. सातवी पास, कोकणातला. सगळे मला काका म्हणायचे.

सगळ्यांच्या हातात नुकतेच व्हॉट्सअ‍ॅपवाले फोन आले होते, तेव्हाची गोष्ट. अर्बाबनं जुन्या दोन इमारती विकल्या आणि भाड्यानं द्यायला एकच नवी घ्यायचं ठरवलं.

"शहर वाढतंय," तो म्हणाला. "कुठल्या बाजूला, ते तुम्ही सांगा. बिल्डिंग रिकामी राहिली तर ऑफिस खलास, आणि तुम्ही तिघं आपापल्या गावी!"

व्हिसा त्याच्या हातात. कोणी हसलं नाही.

*

देशपांडे साहेबांनी कॉम्प्युटरवर रंगीत नकाशा केला. शहराचा बौशर भाग लाल, बाकी सगळं फिकट. "मॉल आहेत, ऑफिसं आहेत. बौशरला डोळे मिटून घ्या!"

मी कोपऱ्यात चहा पीत होतो. म्हटलं, "साहेब, तुम्ही स्वतः बौशरला का राहत नाही?"

"मुलांची शाळा लांब पडते हो!"

एवढं बोलून त्यांनी नकाशा बंद केला.

*

तरी बौशरची एक बिल्डिंग बघायला गेलोच. विकणारा म्हणाला, "बारातले आठ फ्लॅट भरलेत. बाल्कन्या बघा!" खरंच, आठ बाल्कन्यांत कपडे वाळत होते. अर्बाब खूश.

तो रविवार होता. बुधवारी मी एकटाच परत गेलो. तळमजल्यावरचा निळा टॉवेल तिथंच, तसाच. बोट फिरवलं, बोटावर धूळ! मान वर करून पाहिलं. वरचे कपडेही रविवारचेच.

ऑफिसात सांगितलं, तर बशीर म्हणाला, "काका, लोक आळशी असतात!"

"आठही घरांतले?"

*

"मग तू सांग कुठं," अर्बाब म्हणाला.

"अल अमेरात."

बशीरला हसू आवरेना. "डोंगरापलीकडे? बकऱ्यांना भाड्यानं देणार?"

मी दुसऱ्या दिवशी पहाटेच तिथं गेलो आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. माझी पद्धत हीच. आपल्या लोकांचं घर शाळेची बस ठरवते. बस गल्लीत वळली तर कुटुंब येतं, आणि आलेलं कुटुंब पोरांची दहावी होईपर्यंत हलत नाही.

बस वळली. मी परत येऊन बशीरला म्हटलं, "चौदा पोरं चढली. बकरी एकही नव्हती!"

अर्बाबनं त्याच आठवड्यात त्या गल्लीतल्या बारा फ्लॅटच्या नव्या बिल्डिंगचा बयाणा दिला.

*

ताबा मिळाला जूनमध्ये, आणि इथं मी माती खाल्ली. शाळेच्या जिवावर बिल्डिंग घ्यायला लावली, पण शाळेची सुट्टी विसरलो! सगळी कुटुंबं पोरांना घेऊन इंडियात. जून रिकामा. जुलै रिकामा. बारा चाव्या माझ्या खिशात वाजायच्या. देशपांडे साहेब रोज विचारायचे, "काका, गावी कौलं बदलून ठेवलीत ना?"

मग बशीरनं एक कंपनी आणली. कामगारांना ठेवायला अख्खी बिल्डिंग घेणार, एका खोलीत आठ-आठ जण. अर्बाबनं हात पुढे केला. "यल्ला, चल काका, चाव्या दे."

"देत नाही."

मी चाव्या खिशातच मुठीत धरल्या.

"अर्बाब, आठ जणांच्या खोलीत मी वीस वर्षं काढलीत," मी म्हणालो. "वळकटी पसरली की पाय सरळ होत नाहीत. नव्या भिंतींत पुन्हा तेच करणाऱ्याला मी चावी देणार नाही. आणि अख्खी बिल्डिंग एका कंपनीला दिलीत, तर ती सोडून जाईल तेव्हा बाराही फ्लॅट एकदम रिकामे."

"तू माझ्याकडे कामाला आहेस की मी तुझ्याकडे?"

"व्हिसा कॅन्सल करा. पण शाळा उघडेपर्यंत चाव्या माझ्याकडेच राहतील."

तो गाडीची किल्ली उचलून निघून गेला. व्हिसा रद्द करतोय की नाही, ते काही बोलला नाही. मी रात्री बॅग भरून ठेवली.

*

ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या. नंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी मी बिल्डिंगखाली खुर्ची टाकून, वही घेऊन बसलो होतो. अर्बाबची गाडी आली. सोबत त्याचा पुतण्या आणि नवी सून.

"काका," अर्बाब म्हणाला, "यांचं नुकतंच लग्न झालंय. एक चावी दे."

मी वही उघडली. पान उलटलं. चष्मा लावला.

"एकच फ्लॅट उरलाय, अर्बाब. पुतण्याचं नाव सांगा, रांगेत लिहून घेतो. तुमचा नंबर तिसरा!"