राबाचा काटा

मानकोलीची गोदामे मागे पडली आणि यंत्रमागांची खडखड ऐकू येऊ लागली, तेव्हा भिवंडी आल्याचे कळले. मुलांनो, एसटी स्थानकावर सुमनवहिनी उभी होती, गर्दीपासून चार हात दूर. ती माझ्या चुलतभावाची बायको. त्यांची भातशेती गणेशपुरीजवळ.

फार वर्षांपूर्वी राबासाठी (भात पेरण्याआधी जमिनीवर जाळायचा पालापाचोळा) फांद्या आणताना तिच्या घोट्यात काटा मोडला. काटा निघाला, पण तिथे चामखिळीसारखी खरबरीत वाढ झाली आणि हळूहळू पोटरीवर चढली. गावाने महारोग ठरवला. वहिनीचे ताट वेगळे झाले. दुकानातून आणलेल्या मलमांनी खाज थांबे, वाढ थांबत नसे.

मागच्या खेपेला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी वाढीचा तुकडा तपासायला पाठवला होता. त्याचा निकाल आज मिळायचा होता. दवाखान्याच्या पायरीवर वहिनी म्हणाली, "वन्सं, महारोग निघाला तर मला सांगू नका."

"ही बुरशी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काट्याबरोबर आत गेलेली. क्वचितच दिसते. एकाची दुसऱ्याला होत नाही."

गोळ्या कित्येक महिने घ्यायच्या, मधून मधून रक्त तपासायचे. पाय पूर्ण बरा होईलच, असे मात्र त्या म्हणाल्या नाहीत. वहिनीने एवढेच विचारले, "मंग नात तान्ही हुती तवा उचलली असती, तरी चाललं असतं?"

"चाललं असतं."

गणेशपुरीच्या वाटेवर वज्रेश्वरीला बस थांबली. इथल्या गरम कुंडात ती पूर्वी पाय बुडवून बसायची; पाय दिसला की बाकीच्या बायका बाहेर निघत. ती खिडकीकडे पाठ करून बसली.

घरी सुनेने सगळे ऐकले आणि सासूचे ताट आमच्या पंगतीत मांडले. तांदळाची भाकरी, सुकटीचे कालवण. बारावीतली नात मुद्दाम आजीला खेटून बसली. वहिनीने पाट मागे ओढला.

"आज्जे, इकडनं भाकरी फेकून देऊ का तुला?" नात म्हणाली. वहिनी हसली, पुढे मात्र सरकली नाही.

निघताना मी तिला मिठी मारली. तिने आपले हात अंगाशी घट्ट धरून ठेवले होते.

तुमच्याशी बोलून फोन ठेवला की माझेही हात रिकामे राहतात. पण तुम्ही समुद्रापलीकडे आहात. तिची नात त्याच घरात रांगली, चालायला लागली आणि मोठी झाली.