अण्णांचा ट्रक सुरू करताना

गेल्या रविवारी तिसगावला आमच्या दारात एक ट्रक आणि पाच माणसं यांची दिवसभर कुस्ती चालली होती. ट्रक जिंकत होता...

ट्रक अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. तीस वर्षं त्यांनी तो स्वतः चालवला. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नेहमीसारखा घराशेजारी आणून लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ट्रक तेव्हापासून तिथंच उभा.

आता आईच्या चुलतभावाला, आमच्या श्रीरामपूरच्या मामांना, वीटभट्टीसाठी तो हवा होता. अट एकच, चालू झाला पाहिजे. नाही झाला तर भंगारवाला गॅसकटर घेऊन येणार आणि दारातच त्याचे तुकडे करणार. "ह्यांच्या डोळ्यांदेखत नको कापायला," एवढंच आई म्हणत होती.

विकायचं आम्ही तिघांनी ठरवलं होतं. आई, माझा भाऊ संतोष आणि मी. अण्णांना विचारलं नव्हतं... हे आत्ता लिहितानाही जड जातंय.

मी केडगावला राहते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बशीरभाईंचं गॅरेज आहे, जुन्या डिझेल गाड्यांची नस त्यांना बरोबर सापडते. रविवारची सुट्टी सोडून ते सकाळीच माझ्याबरोबर आले. मामाही श्रीरामपूरहून येऊन थांबले होते.

एअर क्लीनर उघडला तर आत उंदरांनी संसार थाटलेला. टाकीतलं डिझेल पार काकवीसारखं झालेलं. टाकी धुतली, फिल्टर बदलले, नवी बॅटरी लावली, पाइपातली हवा काढली. सेल्फ मारला की इंजिन छान फिरायचं... फिरायचं, फिरायचं, पण चालू काही होईना.

अण्णा पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होते. दर वेळी सेल्फ मारला की डाव्या हाताने मांडीशेजारी खुर्चीची बैठक बडवायचे.

संतोषने त्यांना बाथरूमला नेऊन आणलं. ते परत बडवायला लागले, त्याने परत नेलं. दुसऱ्या वेळी त्यांनी संतोषकडे असं बघितलं, तो दहावीत नापास झाला तेव्हाही असं बघितलं नव्हतं. मग ऊन लागत असेल म्हणून आम्ही खुर्ची सरकवली. मग टोचत असेल म्हणून खाली उशी दिली.

"आता त्यांना काय कळतंय, बसू दे," संतोष म्हणाला. मनातून मलाही तसंच वाटत होतं.

चारच्या सुमारास बशीरभाईंनी हात पुसले. "ताई, पंपाचा दांडा बंदवरच अडकलाय, डिझेल पुढं जाईना. गंजला असन. पंप काढून नगरला न्यावा लागन, अन् तरी खात्री न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या. मी दुसरी बघतो," मामा म्हणाले. आई आत निघून गेली.

बशीरभाई पाने-पकडी गोळा करत होते. मधेच थांबले आणि अण्णांकडे बघून म्हणाले, "बाबांना एकदा गाडीत बसवू का? भंगारात जायच्या आधी बसू द्या की."

मला लाज वाटली. घरातल्या कुणाला हे सुचलं नव्हतं. चौघांनी मिळून, "जपून, जपून" करत अण्णांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. फोटो काढावा म्हणून मी मोबाईल हातात घेतला.

अण्णांनी स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नाही. डावा हात थेट सीटखाली घातला आणि इतके वाकले की संतोषने त्यांना घट्ट धरलं. काहीतरी चाचपलं, ओढलं... आणि पुढे इंजिनाकडून 'टक' असा आवाज आला.

बशीरभाई पुढे धावले. अडकलेला दांडा आपोआप जागेवर आला होता. परत येऊन त्यांनी सीटखाली टॉर्च मारला. तिथे एक खिळा होता, आणि त्याच्यावरून आत्ताच सुटलेली तार. ती तार खालून थेट पंपाकडे गेलेली, ग्रीस आणि मातीच्या थराखाली कुणाला दिसलीच नव्हती. "बाबांनी चोरकुलूप करून ठेवलंय," बशीरभाई म्हणाले.

फार पूर्वी एका ढाब्यावरून अण्णांची गाडी पळवायचा प्रयत्न झाला होता, हे आम्ही लहानपणी ऐकलेलं. त्यानंतर कधीतरी त्यांनी ही युक्ती केली असणार. गाडी लावली की तार खिळ्याला अडकवायची, मग कुणी कितीही सेल्फ मारो. त्या शेवटच्या संध्याकाळीही त्यांनी ती अडकवली होती...

"इतकी वर्षं संसार केला, मला बी कधी बोलले न्हाईत," आई दारातून म्हणाली.

बशीरभाईंनी पुन्हा हवा काढली. या वेळी सेल्फ अण्णांनी मारला, डाव्या हाताने. इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं... आणि तिसऱ्या वेळी चालू झालं. पडवी काळ्या धुराने भरली, आईचे वाळत घातलेले कपडे परत धुवायला गेले. मला रडू आवरेना. फोटो राहूनच गेला.

मग अण्णांनी मामांना जवळ बोलावलं. त्यांचा हात धरून सीटखाली नेला. तार अडकवून इंजिन बंद करून दाखवलं, मग मामांच्याच हाताने ती सोडवून घेतली आणि परत चालू केलं. म्हणजे ट्रक कुणाकडे चाललाय, हे त्यांना माहीत होतं. सगळंच माहीत होतं. खुर्ची बडवून दिवसभर ते सीटखाली बघा म्हणून सांगत होते... आणि आम्ही त्यांना बाथरूमला नेत होतो.

निघताना मी बशीरभाईंचे आभार मानले, तर ते म्हणाले, "म्या काय केलं? म्या तर पंप काढायला निघाल्तो. आधी बाबांना इचारायला पायजे हुतं." बशीरभाई, तुम्ही त्यांना गाडीत बसवलंत. तेवढ्यासाठी आमचं घर तुमचं ऋणी राहील.

ब्रेक, टायर बघून मामांनी बुधवारी ट्रक नेला. अण्णांची खुर्ची पडवीतच आहे. ते अजूनही अधूनमधून ती बडवतात. आता संतोष हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर येऊन बसतो आणि विचारतो, "अण्णा, काय सांगताय?"